नलूचं नाक आणि माझे हात

आमच्या नलूच्या नाकातली जखम जवळजवळ वर्षभर भरली नाही, आणि ती न भरण्याचं कारण मी होतो. हे आधीच सांगून टाकतो. शेवटी सांगितलं तर वाचणाऱ्याला वाटेल, माणसाने आपली चूक जपून ठेवून गोष्ट रंगवली. मला गोष्ट रंगवायची नाही. लहान मुलाच्या नाकातून रक्त येऊ लागलं की घरात काय होतं, आणि काळजी करणारा माणूसच घराला कुलूप कसं घालून बसतो, एवढंच लिहायचं आहे. आमच्या ओळखीच्या दोन घरांत सध्या हेच चाललं आहे. त्यांच्याकडे जाऊन तोंडाने सांगायला लागलो तर मी उपदेश करू लागतो, मग उठून मुलाचं नाक बघू लागतो. लिहिताना निदान हात कामात राहतात.

*

मी मूळचा मिरजेचा. बेंगळूरला सरकारी कारखान्यात नोकरी लागली म्हणून आलो आणि राजाजीनगरात बिऱ्हाड केलं. तेव्हा ते नगर नवीनच वसत होतं. रस्ते आखलेले, घरं तुरळक, आणि मधल्या मोकळ्या जागांतून तांबडी धूळ उडायची. बायको सुमती मात्र इथलीच. तिच्या माहेरची माणसं कितीतरी पिढ्या चिकपेटेत कापडाच्या धंद्यात आहेत. त्यांची मराठी आपलीच, पण तिच्यात कानडी मुरलेली. तिच्या आईला सगळे अक्का म्हणतात, म्हणून मीही अक्काच म्हणतो. नलू आमची एकुलती एक. हे सगळं झालं तेव्हा ती आठ वर्षांची होती.

कारखान्यात मी तपासणी खात्यात होतो. दुसऱ्याने घडवलेला भाग हातात घ्यायचा, मापायचा, उजेडात फिरवून बघायचा, आणि पास की नापास ते सांगायचं. आमच्याकडे एक बोलणं होतं, की तपासलं नाही ते बिघडलेलंच समजा. लोखंडाच्या बाबतीत ते खरं आहे.

*

पहिल्यांदा रक्त आलं ते जानेवारीत, सकाळी जेवताना. हवा कोरडी होती. दहीभाताच्या ताटलीत एक थेंब पडला, मग दुसरा. नलू म्हणाली, "अप्पा, आलं." काय आलं हे तिलाही ठाऊक नव्हतं. तिला ते गमतीचं वाटत होतं.

मला वाटलं नाही. मी दहा वर्षांचा असताना माझा धाकटा भाऊ मिरजेला तापात गेला. जाण्याच्या आदल्या दिवशी त्याच्या नाकातून रक्त आलं होतं आणि त्या वेळी उशाशी मीच बसलो होतो. तेव्हापासून माझ्या मनात नाकातलं रक्त आणि मरण एकमेकांना चिकटलेली आहेत. मी नलूची मान धरून मागे वाकवली आणि डोक्यावर तांब्याभर गार पाणी ओतलं. सुमतीने कांदा फोडून नाकाला लावला. त्या दिवशी अक्का आल्या होत्या. त्यांनी दूर्वा आणून वाटल्या, रस काढला आणि दोन थेंब नाकात सोडले. एवढ्या वेळात रक्त आपोआप थांबलं. तिघांनाही वाटलं, ते आपल्यामुळे थांबलं.

अक्का पदराला हात पुसत म्हणाल्या, "पोरीला उष्णता झाली, जावईबापू. शेंगा नको, आंबा नको, बेल्ला तर नकोच नको." बेल्ला म्हणजे गूळ.

मी विज्ञान शिकलेला माणूस. उष्णतेवर माझा विश्वास नव्हता. तरी दुसऱ्या दिवसापासून घरात गूळ बंद झाला तो माझ्याच सांगण्यावरून.

*

दर दोनचार दिवसांनी रक्त येऊ लागलं. थोडंच यायचं, पण यायचं. मग मी तपासणी सुरू केली.

सकाळी कारखान्याचा भोंगा व्हायच्या आधी मी नलूला पायरीवर उन्हात बसवायचो. तिचं डोकं माझ्या गुडघ्यांत धरायचो, मागे करायचो आणि बॅटरीचा झोत नाकपुडीत सोडायचो. डाव्या बाजूला पुढेच, मधल्या पडद्यावर, काळपट खपली दिसायची. ती मला बघवत नसे. काडीला कापूस गुंडाळून, कोमट खोबरेल तेलात बुडवून, मी ती हळूच सोडवून काढायचो. हळूच, हे खरं आहे. मी कधी घाई केली नाही. खाली लालभडक ओलसर जागा दिसायची. ती टिपायची, पुन्हा झोत टाकायचा, आणि नाक स्वच्छ झालं असं म्हणून नलूला सोडायचं.

मग दुपारी शाळेत तिच्या नाकातून रक्त यायचं. मी त्याचा दोष उन्हाला दिला. तिचं खेळणं बंद केलं. पुढे धुळीला दोष दिला आणि खिडक्या लावून घेतल्या. मग चालण्याला दिला, आणि सुमतीला तिच्याबरोबर शाळेपर्यंत पाठवू लागलो. जेवणात मुगाचं वरण, ताक आणि सब्जाचं पाणी. ऊन कडक असलं तर शाळाच नको. शेजारच्या मुली अंगणात लंगडी खेळायच्या आणि नलू खिडकीच्या काचेला नाक लावून बघायची. मी तिला काचेपासून दूर करायचो, नाक दबेल म्हणून.

सुमती एकदा म्हणाली, "स्वल्प दिवस काहीच न करता बघू या की."

"काहीच न करता? आणि झालं काही म्हणजे?"

"काय व्हायचं ते खिडकीच्या आत पण होतंय की."

मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. मला वाटे, या घरात काळजी फक्त मला आहे. घरात तीन माणसं होती आणि तिघंही माझ्या भीतीत राहत होती. बाहेर पडायला दार नव्हतं, आणि मलाही ते सापडत नव्हतं.

एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नाही. पावसाळ्यानंतर नलूने "अप्पा, आलं" म्हणणं सोडलं होतं. मला वाटलं, रक्त कमी झालं.

*

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत मोठ्या नंदीच्या देवळापाशी शेंगांची जत्रा भरते. इथली माणसं तिला कडलेकाई परिषे म्हणतात. रस्त्याच्या दोन्ही कडांना ओल्या, भाजलेल्या, उकडलेल्या शेंगांचे ढीग लागतात. नलू दरवर्षी अक्कांचं बोट धरून जायची. त्या वर्षी शेंगा बंद, गर्दी बंद, धूळ बंद. जत्रेत या तिन्हींखेरीज काहीच नसतं.

तिने फार हट्ट धरला, सुमतीही जाऊ दे म्हणाली, तेव्हा मी अट घातली. आठवडाभर रक्त आलं नाही, तर जायचं. नुसतं बघायला. शेंग तोंडात घालायची नाही.

"सरी," नलू म्हणाली. लगेच कबूल झाली.

त्या आठवड्यात मी रोज विचारलं, "आलं का गं?" आणि ती रोज म्हणाली, "नाही." रुमाल स्वच्छ, झगा स्वच्छ. माझी सकाळची साफसफाई चालूच होती, आणि मला वाटलं, तिचाच हा गुण.

जत्रेला आम्ही चौघं गेलो, पण नलू बोलत नव्हती. शेंगांच्या ढिगांकडेही तिचं लक्ष नव्हतं. अक्का म्हणाल्या, "ही पांढरी दिसते काय?" तेवढ्यात नलू एका शेंगावालीच्या पोत्याशी खाली बसली आणि ओकली. ओकारी काळपट तपकिरी होती, कॉफीच्या चोथ्यासारखी. मागोमाग नाकातून लाल रक्ताची धार लागली.

मी तिची मान मागे वाकवली. दुसरं काही मला येतच नव्हतं.

इस्पितळापर्यंत जटक्यातून गेलो. जटका म्हणजे इथला टांगा. नलूचं डोकं माझ्या मांडीवर होतं, वर तोंड करून, आणि ती गिळत होती. मी सुमतीला म्हणालो, "तूच म्हणालीस, जाऊ दे तिला." अक्का घोड्याच्या पाठीकडे बघत म्हणाल्या, "आता भांडा. रस्ता लांब आहे."

*

नाकात औषधाची कापडी पट्टी ठासून भरली, तेव्हा रक्त थांबलं. डॉक्टर पन्नाशीचे, कमी बोलणारे. नलूशी कानडीत बोलायचे, माझ्याशी इंग्रजीत. त्यांनी तिच्या दंडातून रक्त काढून घेतलं. "नुसतं नाकाचंच आहे की रक्ताचा काही आजार आहे, ते बघितलं पाहिजे," एवढं म्हणून ते पुढच्या खाटेकडे गेले. तपासणीचं कळायला दोन दिवस लागणार होते.

ज्यांना हे वाक्य ऐकावं लागलं आहे त्यांना ते दोन दिवस समजावून सांगायला नकोत. मुलांच्या वॉर्डात फक्त आईला राहू देत. बापांनी संध्याकाळच्या भेटीच्या वेळेला यायचं. मी रजा घेतली आणि फाटकासमोरच्या झाडाखाली उभा राहू लागलो. आत काय चाललं आहे ते दिसत नव्हतं, विचारायला कोणी नव्हतं, तपासायला काही नव्हतं. वर्षभर मी तिला आत ठेवलं होतं आणि बाहेरून पहारा केला होता. आता इस्पितळ तेच माझ्याशी करत होतं, आणि जास्त नीट करत होतं.

अक्का भेटीच्या वेळेला डबा घेऊन यायच्या. मला ऐकू जाईल अशा बेताने त्या सुमतीला म्हणाल्या, "आमच्या दुकानात पण कापड बघतात. पण रोज तेच ठाण उलगडून बघितलं तर ते विरतं."

सुमती म्हणाली, "अक्का, नको आता."

तिने माझी बाजू घेतली याने मला जास्त लाज वाटली.

त्या दिवसांत बरं वाटेल असंही काही होतं. नाकात पट्टी असल्यामुळे नलूचा आवाज बदलला होता. संध्याकाळी मी आत गेलो तेव्हा ती म्हणाली, "अप्पा, बला शेंगा पाहिजेत." शेजारच्या खाटेवर पाय मोडलेली एक कानडी मुलगी होती. ती नाक धरून नलूसारखं बोलायची आणि दोघी खोकला येईपर्यंत हसायच्या. तिची आई नाचणीची आंबील दोन वाट्यांत ओतायची, विचारायची नाही. नलूला वर्षभरात मी इतकं हसताना पाहिलं नव्हतं. मरणाच्या दारात, असं मी त्या जागेला मनात म्हणत होतो, आणि तिथे ती सुटीवर आल्यासारखी होती.

*

पट्टी काढायच्या दिवशी सुमती आत होती, मला पडद्याबाहेर थांबायला सांगितलं. पडदा हिरवा, पातळ होता. आतलं सगळं ऐकू येत होतं. डॉक्टर नलूशी कानडीत बोलत होते. ते मी इथे मराठीत देतो.

"रक्त आलं की तू काय करतेस?"

"न्हाणीत जाते. उताणी झोपते. म्हणजे झग्यावर सांडत नाही."

"मग कुठे जातं?"

"पोटात."

"हे कोणी शिकवलं?"

"मान मागे करायची ते अप्पांनी. न्हाणीत जायचं ते माझं मी."

"आणि कोणाला सांगत का नाहीस?"

नलू मग म्हणाली, "सांगितलं की दार लावतात."

पडदा सरकवून डॉक्टरांनी मला आत घेतलं. रक्त तपासून आलं होतं. त्यात काही आजार नव्हता. पोटातही काही नव्हतं. गिळलेलं रक्त पोटाला सोसत नाही, ते काळं होऊन उलटून पडतं, इतकंच. मला खाली बसावंसं वाटलं, पण तिथे स्टूल एकच होतं आणि त्यावर नलू होती.

डॉक्टरांनी कपाळावरचा आरसा डोळ्यावर ओढून तिच्या नाकात बघितलं. "मुलांचं बहुतेक इथूनच येतं. पुढेच असतं. कातडी पातळ, खाली बारीक शिरा. हवा कोरडी झाली, बोट लागलं, की फुटतं. पण खपली धरते आणि भरून येतं. हिचं का भरत नाही? ही बोट घालते?"

"नाही," सुमती म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलं नाही. नलूनेही बघितलं नाही. दोघी मला वाचवत होत्या.

मी म्हणालो, "खपली मी काढतो. रोज सकाळी."

"कशाला?"

"खाली काय आहे ते बघायला."

"काय असतं?"

"रक्त," मी म्हणालो.

डॉक्टरांनी आरसा वर केला. "आपण काम काय करता?"

मी सांगितलं.

"तुमच्या कारखान्यात रंग वाळायच्या आत बोट लावून बघतात?"

"नाही."

"सरी," ते म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

*

त्यांनी जे शिकवलं ते एवढंच. मुलाला बसतं ठेवायचं आणि मान पुढे झुकवायची, मागे कधीच नाही. नाकाचा खालचा मऊ भाग, हाडाच्या खालचा, चिमटीत गच्च धरायचा. तोंडाने श्वास घ्यायचा, तोंडात आलेलं रक्त थुंकायचं, गिळायचं नाही. दहा मिनिटं चिमूट सोडायची नाही. मध्ये सोडून थांबलं का म्हणून बघायचं नाही. "तुम्हाला हेच जड जाईल," ते मला म्हणाले. मग नलूकडे वळले. "मग्गी येते?" मग्गी म्हणजे पाढे. "दोनपासून बारापर्यंत सावकाश म्हणायचे. संपले की पुन्हा पहिल्यापासून. मग सोडायचं. आणि तुझं नाक तूच धरायचं."

दोनदा असं धरूनही थांबलं नाही, किंवा पोर पांढरंफटक पडलं, मार नसताना अंगावर काळेनिळे डाग दिसले, हिरड्यांतून रक्त आलं, बरोबर ताप असला, तर घरी बसू नये, डॉक्टरांकडे जावं. मी डॉक्टर नाही. जे मला सांगितलं गेलं ते लिहितो आहे. आणि रक्ताची तपासणी केली म्हणून मला पस्तावा नाही. एकदा नीट बघून घेतलं की रोज बघावं लागत नाही, हे मला तिथे कळलं.

काही दिवसांनी त्यांनी औषध लावलेल्या काडीने त्या जागेवर डाग दिला. नलूच्या डोळ्यांतून पाणी आलं, दोन शिंका आल्या, आणि झालं. वर्षभर मी ज्याच्याशी झगडत होतो ते इतक्यात झालं. पुढे रोज थोडं मलम लावायचं होतं. ते नलू स्वतःच करंगळीने लावायची, माझ्याकडे पाठ करून.

*

घरी आल्यावर मी बॅटरी अक्कांना देऊन टाकली. त्या म्हणाल्या, "दुकानात दिवे गेले की कामाला येईल. जावयाकडून आलेली पहिली वस्तू." गूळ परत आला. खिडक्या उघडल्या. नलू अंगणात लंगडी खेळू लागली.

हे सगळं सोपं गेलं. सकाळ अवघड गेली. भोंग्याच्या आधी मी त्याच पायरीवर बसायचो आणि हात मांडीखाली दाबून ठेवायचो. नलू शाळेला निघताना पायरीच्या दुसऱ्या टोकावरून उतरायची, माझ्या हाताच्या टप्प्याबाहेरून. रागाने नव्हे. तिला सवय झाली होती. डाग दिल्यावरही मधूनमधून थोडं रक्त यायचं, ते येणारच असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण ते मला कधीच कळायचं नाही. सुमती दोन दिवसांनी सांगायची, "परवा आलं होतं. तिनेच थांबवलं."

"मला का सांगितलं नाही?"

"तिला विचारा की."

मी विचारलं नाही. विचारणं हीसुद्धा तपासणीच झाली असती. मूल बरं झालं होतं, पण ते माझ्यापासून लपून बरं झालं होतं. पुढे कधी तिला खरंच काही मोठं झालं आणि तिने ते न्हाणीत उताणं झोपून गिळलं तर, या विचाराने मी कामावर भाग हातात धरून उभा राहायचो आणि माप घ्यायचं विसरायचो.

*

पुढच्या कार्तिकात आम्ही पुन्हा परिषेला गेलो. अक्का आणि सुमती पूजेच्या रांगेत उभ्या राहिल्या. नलू आणि मी शेंगांच्या ढिगांमधून चालत होतो. ती पुढे, मी मागे. तिने भाजलेल्या शेंगांचा कागदाचा मोठा पुडा घेतला होता आणि टरफलं रस्त्यावर टाकत चालली होती. धूळ होती, ऊन होतं, गर्दी होती.

ती थांबली. वळली. वरच्या ओठावर लाल रेघ होती.

"अप्पा, आलं," ती म्हणाली.

माझे हात उठले होते. तिने ते बघितलं. काठोकाठ भरलेला पुडा तिने माझ्या हातांत दिला. "हे धरा. दोन्ही हातांनी. सांडेल."

मी धरला. ती एका दुकानाच्या ओट्यावर बसली, पुढे वाकली, नाक चिमटीत धरलं आणि कानडीत पाढे सुरू केले. एरडोंदला एरडू, एरडेरडला नाल्कू. बंद नाकातला तो आवाज डब्यातून आल्यासारखा येत होता. पायाशी धुळीत दोन थेंब पडले, मग तिसरा.

दुकानदारीण धावली. "तले हिंदक्के माडी," मान मागे करा, असं म्हणत तिने पाण्याचा तांब्या उचलला. मागून कोणी कांदा मागत होतं. मी त्यांच्या आणि नलूच्या मध्ये उभा राहिलो. "नको. स्वल्प थांबा. तिला येतं," मी म्हणालो. दुकानदारीण माझ्याकडे बघत राहिली. पोरीच्या नाकातून रक्त वाहतंय आणि बाप शेंगा धरून उभा आहे, असं ते दृश्य होतं.

सातच्या पाढ्याला ती अडली. सात आठे तिला कधीच आठवत नाही. मी सांगणार होतो, गप्प राहिलो. तिने मागे जाऊन पुन्हा म्हटलं आणि तिला सापडलं. बारा झाले. मला वाटलं, आता सोडेल. तिने पुन्हा दोनपासून सुरुवात केली.

शेवटी तिने चिमूट सोडली. थोडा वेळ तशीच बसून राहिली, मग रुमालाने ओठ पुसला आणि वर बघितलं. थांबलं होतं. ती उठली, माझ्या हातांतला पुडा घेतला आणि आत डोकावली.

"तुम्ही एक पण खाल्ली नाही?"

"हात मोकळे नव्हते," मी म्हणालो.

तिने एक शेंग फोडली, दाणे स्वतःच्या तोंडात टाकले, दुसरी मला दिली आणि चालू लागली. या वेळी बरोबरीने.